ईमॅक्समधील रिकर्शनची एरर: कॉन्फिगरेशनमधले वर्तुळ कसे शोधावे

ईमॅक्स हा मजकूर आणि कोड लिहिण्याचा एडिटर उघडताच खालच्या ओळीत ‘लिस्प नेस्टिंग एक्सीड्स मॅक्स-लिस्प-इव्हल-डेप्थ’ असा मजकूर दिसला आणि तुमच्या रंगसंगतीपासून कळफलकाच्या शॉर्टकटांपर्यंत सगळे गायब झाले, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नाशिकमध्ये ईमॅक्स शिकणाऱ्या नव्या मंडळींना मी मदत करतो. त्यांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील अभियंते आहेत, महाविद्यालयांतील विद्यार्थी आहेत आणि द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी ऑर्ग (ईमॅक्समधील नोंदी ठेवण्याची पद्धत) फाइलीत ठेवणारे दिंडोरी-निफाडकडचे बागायतदारही आहेत. या सगळ्यांना सर्वांत जास्त घाबरवणारी एरर हीच असते, आणि ती बहुतेक वेळा शांतपणे, क्रमाने तपासले की सुटते.

आधी ही एरर काय सांगते ते समजून घ्या. ईमॅक्सचे कॉन्फिगरेशन म्हणजे केवळ आवडीनिवडींची यादी नसून तो ईमॅक्स लिस्प या भाषेतील प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम असतो. त्यातील एखादे फंक्शन (ठरावीक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा) स्वतःलाच बोलावू लागले (यालाच रिकर्शन म्हणतात), किंवा दुसऱ्या फंक्शनमार्फत फिरून पुन्हा स्वतःपाशीच आले, तर त्या साखळीला शेवट राहत नाही. रानात चकवा लागलेला माणूस चालत राहतो आणि दर वेळी त्याच झाडापाशी येतो, तशीच ही अवस्था आहे. संगणकाची स्मृती संपून ईमॅक्स कोसळू नये म्हणून अशा साखळीच्या खोलीला मर्यादा घातलेली असते. सध्याच्या आवृत्त्यांत ती मर्यादा 1600 आहे, म्हणूनच एररच्या शेवटी पुष्कळदा 1601 हा आकडा दिसतो. कॉन्फिगरेशन वाचताना ज्या ओळीवर एरर आली तिच्यापुढील एकही ओळ वाचली जात नाही. तुमच्या सोयी पुसल्या गेलेल्या नसतात, त्यांच्यापर्यंत ईमॅक्स पोहोचलेलेच नसते.

या लेखात आज्ञांची, फाइलींची आणि फंक्शनांची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, मधल्या जोडरेघेसह टंकावीत. ‘ऑल्ट-एक्स’ असे लिहिले असेल तेथे ऑल्ट दाबून ठेवून एक्स दाबावे आणि मग आज्ञेचे नाव लिहून एंटर द्यावे.

आधी जवळ काय असावे

- संपूर्ण कॉन्फिगरेशन फोल्डरची एक प्रत, मूळ जागेबाहेर ठेवलेली. गिट वापरत असाल तर सद्यस्थितीची एक कमिट.
- टर्मिनल किंवा विंडोजवरील कमांड प्रॉम्प्ट, आणि त्यातून ईमॅक्स सुरू करता येईल याची खात्री.
- नोटपॅडसारखा दुसरा साधा एडिटर, म्हणजे ईमॅक्स मुळीच उघडले नाही तरी फाइल दुरुस्त करता येईल.
- ईमॅक्सच्या आवृत्तीचा आकडा. तो ऑल्ट-एक्स ईमॅक्स-व्हर्जन या आज्ञेने कळतो.
- कागद आणि पेन. बॅकट्रेसमधील (एररच्या वेळी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीतील) नावे हाताने लिहून बाण काढले की वर्तुळ डोळ्यांना दिसते, हा माझा ठाम अनुभव आहे.

1. ईमॅक्स कोरे उघडून पाहा

टर्मिनलमध्ये ‘ईमॅक्स’ लिहून एक जागा सोडा, मग एक रेघ आणि मोठे क्यू हे अक्षर द्या. या पर्यायाने ईमॅक्स तुमचे कोणतेही कॉन्फिगरेशन न वाचता उघडते. एरर येत नसेल तर दोष तुमच्या फाइलींत किंवा तुम्ही बसवलेल्या एखाद्या पॅकेजमध्ये आहे. कोऱ्या ईमॅक्समध्येही ती येत असेल तर कॉन्फिगरेशनशी खेळत बसू नका, कारण बिघाड बसवलेल्या ईमॅक्समध्येच असणार आणि ते पुन्हा बसवणे हा जवळचा मार्ग आहे.

लहान क्यू आणि मोठे क्यू यांत फरक आहे. लहान क्यू दिल्यास तुमची आरंभीची फाइल वगळली जाते. मोठे क्यू दिल्यास संगणकावर सर्वांसाठी ठेवलेली सामाईक फाइलही वगळली जाते. महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर काम करत असाल तर दोन्ही करून पाहा. लहान क्यूने एरर राहिली आणि मोठ्या क्यूने गेली, तर दोष सामाईक फाइलीत आहे आणि तो संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या कानावर घालायला हवा.

2. कोणती फाइल खरोखर वाचली जाते ते ठरवा

ही पायरी वगळू नका. लोक एका फाइलीत तासन्‌तास बदल करत राहतात आणि ईमॅक्स भलतीच फाइल वाचत असते. घराच्या फोल्डरमध्ये (होम डिरेक्टरीत) ‘डॉट-ईमॅक्स’ नावाची फाइल असेल तर ईमॅक्स तीच घेते आणि ‘डॉट-ईमॅक्स-डॉट-डी’ या फोल्डरमधील ‘इनिट डॉट ईएल’कडे पाहतही नाही. आवृत्ती 27 पासून ‘डॉट-कॉन्फिग’ फोल्डरमधील ‘ईमॅक्स’ हा उपफोल्डरही चालतो, मात्र जुन्या जागी काही असेल तर मान जुन्या जागेलाच मिळतो. विंडोजवर घराचे फोल्डर वेगळे ठरवलेले नसेल तर ते ‘ॲपडेटा’मधील ‘रोमिंग’ असते, आणि ते डोळ्यांआड असल्याने तेथे जुनी फाइल पडून राहते.

खात्रीचा उपाय असा: एरर येते त्याच नेहमीच्या पद्धतीने ईमॅक्स उघडा, कंट्रोल-एच दाबा, मग व्ही दाबा आणि ‘युझर-इनिट-फाइल’ लिहा. जे नाव दिसेल तीच फाइल. त्या नावाच्या शेवटी ‘ईएलसी’ असे दिसले तर सावध व्हा. ती तुमच्या फाइलीची पूर्वी कंपाइल केलेली प्रत आहे. मूळ फाइल नवी असली तरी ईमॅक्स जुनी कंपाइल केलेली प्रतच उचलते, म्हणून केलेली दुरुस्ती लागूच होत नाही. ती ‘ईएलसी’ फाइल खुशाल काढून टाका. तिच्यात तुमचे असे काहीच नसते, ती केव्हाही पुन्हा तयार करता येते.

3. एररचा नेमका मजकूर उतरवून घ्या

रिकर्शनच्या तक्रारी एकाच प्रकारच्या नसतात आणि प्रत्येकीचा रोख वेगळा असतो. खालच्या ओळीतील मजकूर निघून गेला असेल तर ‘मेसेजेस’ या बफरमध्ये (ईमॅक्सने उघडून ठेवलेल्या मजकुराला बफर म्हणतात) तो जसाच्या तसा सापडतो.

‘लिस्प नेस्टिंग एक्सीड्स’ असे असेल तर फंक्शनांचे वर्तुळ झाले आहे. ‘रिकर्सिव्ह लोड’ असे असेल तर एखादी फाइल वाचता वाचता तीच फाइल पुन्हा वाचायला सांगितली गेली आहे. ‘रिकर्सिव्ह रिक्वायर फॉर फीचर’ असे असेल तर दोन फाइली एकमेकींची वाट पाहत आहेत. फाइलींच्या बाबतीत ईमॅक्स 1600 पर्यंत थांबत नाही, तीच फाइल एकात एक अशी पाचव्यांदा वाचायची वेळ आली की लगेच हात वर करते. ‘व्हेरिएबल बाइंडिंग डेप्थ एक्सीड्स मॅक्स-स्पेकपीडीएल-साइझ’ ही तक्रार आवृत्ती 28 पर्यंतच भेटते. 2023 मध्ये आलेल्या आवृत्ती 29 पासून ती वेगळी मर्यादा रद्द झाली, तेव्हा ती वाढवण्याचा जुना सल्ला आता निरुपयोगी आहे.

4. बॅकट्रेस मिळवा आणि तो वाचा

एरर सुरुवातीलाच येत असेल तर टर्मिनलमधून ईमॅक्सला दोन रेघा आणि ‘डीबग-इनिट’ असा पर्याय देऊन उघडा. एरर नंतर, म्हणजे फाइल उघडताना किंवा साठवताना येत असेल, तर आधी ऑल्ट-एक्स टॉगल-डीबग-ऑन-एरर ही आज्ञा द्या आणि मग तीच कृती पुन्हा करा. दोन्ही वेळा ‘बॅकट्रेस’ नावाची खिडकी उघडेल. तिच्यात शेकडो ओळी असतात आणि नवा माणूस ती पाहूनच बंद करतो. कृपया तसे करू नका, कारण उत्तर तिच्यातच असते.

बॅकट्रेसमध्ये सर्वांत वरची ओळ ही सर्वांत शेवटी चाललेल्या फंक्शनची असते, आणि खाली जाल तसे तुम्ही मागे मागे जाता. वरच्या टोकाच्या पाच-दहा ओळींना फारसे महत्त्व देऊ नका. मर्यादा तेथे ओलांडली गेली हा निव्वळ योगायोग असतो, आणि त्या ओळीत ज्या फंक्शनचे नाव दिसते त्याचा बहुधा काही अपराध नसतो. थोडे खाली या आणि पुन्हा पुन्हा येणारा ओळींचा गट शोधा. उदाहरणार्थ:

ऑर्ग-मोड()
माझी-मजकूर-तयारी()
रन-हुक्स(… टेक्स्ट-मोड-हुक आउटलाइन-मोड-हुक ऑर्ग-मोड-हुक)
रन-मोड-हुक्स(ऑर्ग-मोड-हुक)
ऑर्ग-मोड()
माझी-मजकूर-तयारी()

हा गट एकदा कागदावर उतरवा आणि खालून वर बाण काढा. ऑर्ग-मोड सुरू झाला, त्याने हुक (ठरावीक घटनेच्या वेळी आपोआप चालणाऱ्या फंक्शनांची यादी) चालवले, हुकमध्ये तुमचे फंक्शन होते, आणि त्या फंक्शनने पुन्हा ऑर्ग-मोड सुरू केला. या गटातील बाकीची नावे ईमॅक्सची किंवा पॅकेजची आहेत, तुमचे नाव एकच आहे. पहिला संशय तुम्ही स्वतः लिहिलेल्या किंवा कुठून तरी उचलून चिकटवलेल्या नावावर घ्यावा, आणि तो सहसा खरा ठरतो.

ओळी फारच जास्त असतील तर एक उपाय आहे. कॉन्फिगरेशनच्या पहिल्या ओळीत मॅक्स-लिस्प-इव्हल-डेप्थ तात्पुरती कमी करून 400 ठेवा. वर्तुळ तेच राहते, पण बॅकट्रेस आटोपशीर मिळतो. मोठी पॅकेजे इतक्या कमी मर्यादेत विनाकारण अडू शकतात, म्हणून काम होताच ती ओळ काढून टाका. पाहून झाल्यावर क्यू दाबून बॅकट्रेसमधून बाहेर पडता येते.

5. वर्तुळाची नेहमीची ठिकाणे तपासा

पुनरावृत्त होणारा गट हाती आला की तो खालीलपैकी कोणत्या प्रकारात बसतो ते पाहा.

हुकमध्ये मेजर मोड बदलणे. मेजर मोड म्हणजे फाइलीच्या प्रकारानुसार ठरणारी ईमॅक्सची मुख्य कार्यपद्धती. वरचे उदाहरण याच प्रकारचे आहे. ऑर्ग-मोड हा आउटलाइन-मोडवर बेतलेला आहे आणि आउटलाइन-मोड टेक्स्ट-मोडवर. त्यामुळे ऑर्ग फाइल उघडली की टेक्स्ट-मोड-हुकही चालतो. ‘माझ्या सगळ्या साध्या फाइली ऑर्गमध्येच उघडाव्यात’ या इच्छेने कोणी त्या हुकमध्ये ऑर्ग-मोड लिहिले की वर्तुळ पूर्ण झाले. उपाय असा की हुकमध्ये मेजर मोड कधीही बदलू नये. कोणत्या नावाची फाइल कोणत्या मोडमध्ये उघडावी हे सांगण्यासाठी ‘ऑटो-मोड-अलिस्ट’ ही यादी आहे, तेथे ती नोंद करावी. हुकमध्ये मायनर मोड (मेजर मोडवर जोडता येणारी छोटी सोय) चालू करणे, किंवा मराठी लिहिणारे करतात तसे देवनागरी-इनस्क्रिप्ट ही इनपुट पद्धत निवडणे, यात काहीच चूक नाही. त्या ओळी निर्धास्तपणे राहू द्या.

साठवल्यानंतर पुन्हा साठवणे. फवारणीच्या नोंदीत हे हमखास दिसते. गोडी छाटणीनंतर रोज उघडली जाणारी फाइल असते, तिच्या माथ्यावर ‘शेवटचा बदल’ अशी तारीख-वेळेची ओळ असते, आणि ती आपोआप बदलावी म्हणून आफ्टर-सेव्ह-हुकमध्ये एक फंक्शन घातलेले असते. फंक्शन वेळ बदलते, बदल टिकावा म्हणून सेव्ह-बफर बोलावते, साठवून झाले की हुक पुन्हा चालतो, फंक्शन पुन्हा वेळ बदलते. येथे एक बारकावा आहे. बफरमध्ये काहीच बदललेले नसेल तर सेव्ह-बफर ‘साठवण्यासारखे काही नाही’ म्हणून परत फिरते आणि वर्तुळ होत नाही. म्हणून ज्याच्या हुकमध्ये केवळ साठवण्याची ओळ आहे त्याचे वर्षभर ठीक चालते आणि वेळ लिहिण्याची ओळ वाढवली त्या दिवशी एरर येते. उपाय सोपा आहे: मजकूर बदलणारे काम बिफोर-सेव्ह-हुकमध्ये हलवा आणि त्यातील सेव्ह-बफर काढून टाका. फाइल नंतर साठवली जाणारच आहे. किंबहुना स्वतःचे फंक्शन लिहिण्याचीही गरज नाही. ईमॅक्ससोबत टाइम-स्टॅम्प नावाचे फंक्शन येते. फाइलीच्या पहिल्या 8 ओळींत त्याची खूण लिहिलेली असली आणि ते बिफोर-सेव्ह-हुकमध्ये घातलेले असले, की हेच काम ते नीट करते.

ॲडव्हाइस स्वतःच्याच फंक्शनला बोलावणे. प्रत्येक संदेशापुढे वेळ दिसावी म्हणून ‘मेसेज’ या फंक्शनला ॲडव्हाइस (मूळ फंक्शनसोबत चालणारे आपले फंक्शन) जोडली आणि ॲडव्हाइसच्या आत पुन्हा ‘मेसेज’च वापरले, तर पहिल्याच संदेशाला एरर येते. ‘अराउंड’ प्रकारच्या ॲडव्हाइसला मूळ फंक्शन हातात दिलेले असते. आतून नावाने हाक न मारता तेच वापरावे. एखाद्या फंक्शनला ॲडव्हाइस आहे का हे कंट्रोल-एच, एफ आणि फंक्शनचे नाव दिल्यास दिसते, आणि नको असलेली ॲडव्हाइस-रिमूव्हने काढता येते.

फाइलीने स्वतःलाच वाचणे. ‘रिकर्सिव्ह लोड’ आली असेल तर आधी कस्टम-फाइल पाहा. ईमॅक्सच्या मेनूतून केलेले बदल वेगळ्या फाइलीत जावेत म्हणून कस्टम-फाइल ठरवतात आणि पुढच्या ओळीत ती लोड करतात. तेथे चुकून आरंभीच्याच फाइलीचे नाव असेल तर ती फाइल स्वतःला वाचत सुटते. वेगळ्या फाइलीचे नाव द्या, काम झाले.

नावांची गल्लत. हा सापळा सर्वांत फसवा आहे, कारण फाइलीत एकही ओळ चुकीची नसते. पायथनच्या सेटिंग्ज एकत्र ठेवाव्यात म्हणून कोणी आपल्या फोल्डरमध्ये ‘पायथन डॉट ईएल’ नावाची फाइल करतो, ते फोल्डर लोड-पाथच्या (ईमॅक्स फाइली शोधते त्या फोल्डरांच्या यादीच्या) अग्रभागी घालतो आणि फाइलीच्या पहिल्या ओळीत पायथन हे फीचर रिक्वायर करतो, म्हणजे ते आधी लोड करायला सांगतो. ईमॅक्स शोधायला निघते आणि तिला आधी भेटते ती त्याचीच फाइल. ऑल्ट-एक्स लोकेट-लायब्ररी ही आज्ञा देऊन नाव विचारले की कोणती फाइल उचलली जाते ते कळते, आणि ऑल्ट-एक्स लिस्ट-लोड-पाथ-शॅडोज अशा सगळ्या झाकल्या गेलेल्या फाइलींची यादी देते. स्वतःच्या प्रत्येक फाइलीच्या नावाआधी ‘माय’ किंवा स्वतःची आद्याक्षरे लावण्याची सवय ठेवली तर हा प्रसंग येत नाही.

दोन फाइलींनी एकमेकींना मागणे. कॉन्फिगरेशन मोठे झाले की ते तुकड्यांत वाटले जाते. मग छपाईच्या फाइलीला नोंदींच्या फाइलीतील एक फंक्शन लागते आणि नोंदींच्या फाइलीला छपाईतील एक. दोघींच्या माथ्यावर रिक्वायर असते आणि ‘मी तयार आहे’ असे सांगणारी प्रोव्हाइडची ओळ तळाशी असते, तेथवर कोणीच पोहोचत नाही. प्रोव्हाइडची ओळ वर हलवून एरर दडपता येते, पण मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण फाइल अर्धवट असतानाच ती तयार असल्याचे जाहीर होते आणि पुढे वेगळीच एरर येते. दोघींना लागणारी फंक्शने तिसऱ्या फाइलीत काढा आणि दोघींना ती रिक्वायर करू द्या.

6. बॅकट्रेसने उलगडले नाही, तर फाइल अर्धी करत जा

आरंभीच्या फाइलीच्या साधारण मध्यावर, दोन पूर्ण कंसांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एरर या फंक्शनची एक ओळ लिहा आणि तिचा मजकूर ‘येथपर्यंत ठीक’ असा ठेवा. ईमॅक्स पुन्हा उघडा. तुमचाच मजकूर दिसला तर दोष खालच्या अर्ध्या भागात आहे, आणि रिकर्शनची एरर आधी आली तर वरच्या. ती ओळ त्या भागाच्या मध्यावर हलवा आणि असेच पुढे जा. हजार ओळींची फाइलही दहा वेळांत एका ओळीपर्यंत येते. एक सावधगिरी बाळगावी लागते: फंक्शन वरच्या भागात लिहिलेले असते आणि ते चालवणारी ओळ खाली असते, तेव्हा हाती आलेली ओळ ही ठिणगी असू शकते, दारू वर साठवलेली असते. त्या ओळीतून जे फंक्शन चालते त्याच्या व्याख्येपर्यंत मागे जा.

आवृत्ती 29 पासून दोन रेघा आणि ‘इनिट-डिरेक्टरी’ हा पर्याय मिळतो. कॉन्फिगरेशनची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ईमॅक्सला तेच फोल्डर वापरायला सांगता येते, म्हणजे ही सगळी काटछाट प्रतीवर होते आणि रोजचे काम अडत नाही.

7. मर्यादा वाढवण्याची घाई करू नका

‘आकडा वाढवा, एरर जाईल’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. वर्तुळाला शेवटच नसेल तर 1600 ऐवजी कितीही ठेवले तरी ते तेथवर पोहोचणारच. फरक इतकाच पडतो की ईमॅक्स आधी गोठते, आणि आकडा अति मोठा असेल तर एरर न दाखवता थेट बंद पडते आणि न साठवलेले काम धोक्यात येते. कधी कधी मात्र रिकर्शन खरोखर खोल असते, उदाहरणार्थ एखादी फार खोलवर गुंफलेली यादी वाचताना. हे ओळखण्यासाठी मर्यादा एकदाच 5000 करून पाहा. 5001 ची एरर आली तर वर्तुळच समजा आणि पायरी 4 वर परत जा. एरर न येता काम पूर्ण झाले तर ती वाढ साऱ्या ईमॅक्ससाठी न ठेवता, लेट (तात्पुरते मूल्य देणारी लिस्पमधील रचना) वापरून त्या एका फंक्शनपुरती ठेवा.

8. दुरुस्ती पक्की झाली का ते पाहा

चालू ईमॅक्समध्ये फाइल पुन्हा वाचून समाधान मानू नका. जुने हुक आणि जुन्या ॲडव्हाइस स्मृतीत तशाच असतात. फाइलीतून ओळ काढली तरी हुकमधून फंक्शन निघत नाही. ईमॅक्स पूर्ण बंद करून उघडा, मग जी कृती केल्यावर एरर येत होती तीच करा: ती ऑर्ग फाइल उघडा, दोन शब्द बदला, साठवा. टर्मिनलमधून ‘बॅच’ हा पर्याय आणि एल या पर्यायाने आरंभीची फाइल दिली, तर खिडकी न उघडता फाइल वाचली जाते आणि एरर असल्यास टर्मिनलवर छापली जाते.

एरर आली नाही, पण एखादी सोय काही वेळाने निमूट बंद पडते असे दिसले, तर पोस्ट-कमांड-हुक तपासा. त्या हुकमधील फंक्शन चुकले की ईमॅक्स ते हुकमधून स्वतःच काढून टाकते आणि काम चालू ठेवते. ‘मेसेजेस’ बफरमध्ये त्याची एक ओळ तेवढी राहते.

इतके करूनही वर्तुळ सापडले नाही आणि कोणाला विचारायचे ठरवले, तर त्या व्यक्तीला ईमॅक्सची आवृत्ती, ‘मेसेजेस’मधील एररची पूर्ण ओळ आणि बॅकट्रेसमधील पुनरावृत्त होणारा एक गट मजकूर म्हणून पाठवा. मोबाइलने काढलेल्या पडद्याच्या फोटोत ओळी उजवीकडे कापल्या जातात आणि नेमके हुकचे नाव तेथेच असते. कॉन्फिगरेशनची फाइल जोडत असाल तर आधी तिच्यातील ईमेलचे पासवर्ड आणि खात्यांची माहिती काढून टाका.